तीन वेढ्यांची गाठ

दिवा जरा बारीक करा. आणि दाराला कडी घाला, वारा नसला तरी. समुद्रात पुन्हा काहीतरी फिरायला लागलंय म्हणून रेडिओ सांगतोय ना? मग हे ऐकाच. ऐकीव नाही. मरुझाफी माझा साडू.

सहा वर्षं झाली. मार्च महिना, मंगळवार, अमावास्येची रात्र. आदल्या बुधवारी भर समुद्रात ते वादळ जन्मलं, आणि त्याच बुधवारी मरुझाफीला मुलगी झाली. दोघं एका वयाची. पोर आईचं दूध पीत होती, वादळ तापलेल्या समुद्राचं पाणी. पोर अजून ओंजळीत मावायची. वादळ मात्र असं माजलं, की रात्री मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर आदळणार, आपल्याच अंगावर, असं मंगळवारी सकाळी रेडिओ बोलला.

दुपारी मरुझाफी छप्पर बांधायला दोर आणायला गेला.

“दोर?” दुकानदार हसला. “सकाळीच संपला. झोपला होतास का? आता बायकोच्या वेणीनं बांध छप्पर.”

रिकाम्या हातानं परतताना किनाऱ्यावर रासुआ आजीचं घर लागलं. गावाची सुईण, एकटीच राहायची. मुलगा बंदरावर कामाला. त्यानं आणलेला निळा, अंगठ्याएवढा जाड दोर तिच्या झावळ्यांच्या छपरावरून खुंटांना बांधलेला होता. गाठी तिच्या हातच्या, तीन वेढ्यांच्या. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मरुझाफीच्या पोरीची नाळसुद्धा तिनं लाल धाग्यानं तशीच बांधली होती.

“नाळ पडली का रे?” आजीनं विचारलं.

“नाही अजून.”

“आपसूक पडेल. ओढू नका, मेल्यांनो. आणि हे बघ, अंधार पडायच्या आत माझा दोर तेवढा ताणून जा. बोटांत जोर नाही राहिला.”

“येतो ना, आजी.”

आला. पण अंधार पडल्यावर.

पाऊस आडवा लागला होता. आत आजीचा दिवा दिसत होता. म्हातारीचं आता किती उरलंय, माझी पोर सहा दिवसांची आहे, असं मनाशी म्हणत त्यानं पहिली गाठ सोडली. दुसरी सुटेना, ती दातांनी सोडली. फळीपलीकडून आवाज आला.

“मरुझाफी का रे?”

“हो, आजी.”

“ताणलास?”

दोराचं वेटोळं त्याच्या खांद्यावर होतं.

“ताणला. झोप निवांत.”

“गुणाचा रे माझा. पोरीचा एक पापा घे माझ्या नावानं.”

दहाच्या सुमाराला वारा आला, समुद्राकडून. लवंगेची झाडं काटक्यांसारखी मोडत होती. मरुझाफीचं छप्पर त्या दोराखाली कण्हलं, पण हललं नाही. मग किनाऱ्याकडे काहीतरी टरकन फाटलं. एक किंकाळी आली.

त्याची बायको नीरिना पोरीला छातीशी धरून उठून बसली. “कुणाचं गेलं हो?”

“लांबचं आहे. पड तू.”

दीड वाजता सगळं थांबलं.

एकदम. वादळाचा डोळा डोक्यावर आला होता. थेंब नाही. पान हलत नाही. फटीतून चांदण्या दिसत होत्या.

दाराशी पावलं वाजली. ओली. थबक… थबक…

“मरुझाफी.”

…

“ताणलास का रे?”

नीरिना उठली. “आजी आहे! उघडा ना!”

त्यानं तिचं तोंड दाबून धरलं.

मग अगदी हळू…

“नको उघडूस. तू माझ्या गाठी सोडल्यास… मी माझी एक सोडून जाते.”

आणि वारा आला. आता जमिनीकडून. उलटा. दुप्पट.

दोघं पोरीला मध्ये घेऊन पालथे पडले. पोर रडली. मग कुरकुरली. मग गप्प.

“झोपली,” मरुझाफी म्हणाला.

चटई कोमट ओली लागत होती. नीरिनाला वाटलं, शू केली असेल.

उजाडलं. छप्पर जागच्या जागी. नीरिनानं पोरीला उचललं… पोर मेणासारखी पांढरी. चटई लाल. बेंबीवरचा धागा नव्हता.

वादळ डोंगरात गेलं, तीन दिवस नुसतं रडलं आणि तिथेच मेलं. जाताना नदीकाठची सगळी भातं घेऊन गेलं. आजी चौथ्या दिवशी खारफुटीत सापडली.

पण मी त्या सकाळचं सांगतोय. मी त्यांच्याकडे पोचलो, तेव्हा मरुझाफीनं रडत सगळं कबूल केलं; पण त्याच्या छपरावर दोर नव्हता. मी धावत किनाऱ्यावर गेलो. आजीचं घर नव्हतं. नुसते चार खांब. समुद्र त्यांच्यावरून जाऊन आला होता.

खांबांना निळा दोर होता. तारेसारखा ताणलेला. तीन वेढ्यांची गाठ.

गाठीत लाल धागा.

मी बोट लावलं…

कोमट होता.