माईक बदलला तरी

मला हे सांगायचं नव्हतं. पण येणारा-जाणारा दुकानाच्या पायरीवर उभा राहतो आणि हळूच विचारतो, "काका, ते भट्टीचं काय झालं होतं हो?" मी वैतागतो, मग सून माझ्यावर वैतागते. एकदाचं लिहून ठेवा, म्हणाली, म्हणजे कागद पुढे सरकवता येईल. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ दुरुस्त करायचो. त्या दुपारी बायकोचा धाकटा भाऊ आला आणि चिखलाने माखलेला एक मोबाईल टेबलावर आपटला. जुना, बटणांचा. सकाळी बंद पडलेल्या वीटभट्टीवर सापडला, म्हणाला. तू तिथे कशाला कडमडलास, असं विचारल्यावर इकडेतिकडे बघायला लागला. फुकटच्या विटा उचलायला गेला असणार. त्याच्या न्हाणीघराची भिंत रोज थोडी थोडी वर चढतच होती. चालू झाला तर मला द्या, म्हणाला आणि पसार.

त्या दिवशी गल्लीत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. शेजारच्या शिंप्याची आई आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होती. म्हातारीला विसर पडायचा, भलत्याच दारात जाऊन बसायची. शिंपी सायकल घेऊन वणवण करत होता. त्याचं दुकान उघडंच, अर्धी शिवलेली बाही मशीनच्या सुईखाली तशीच. माझे गुडघे हिंडण्यासारखे नाहीत, म्हणून मी हातातलं काम करत बसलो.

मोबाईल उघडला. आत माती, गंज. ब्रशने स्पिरिट लावून साफ केला, दिव्याखाली वाळवला, फुगलेली बॅटरी काढून दुसरी घातली. पडदा उजळला. पण माझी एक पद्धत आहे. नुसता चालू झालेला मोबाईल मी गिऱ्हाइकाला देत नाही. त्यात दुकानातला आवाज भरतो आणि कानाला लावून ऐकतो. नंतर कुणी डोकं खायला यायला नको.

तसा आवाज भरला. डोक्यावर पंखा खडखडत होता, रस्त्यावर टेम्पो घुरघुरत होता, मी खाकरलो, दोन शब्द बोललो. मग ऐकायला घेतलं.

पंखा नाही. टेम्पो नाही. मीही नाही.

वारा होता. मोकळ्या जागेवरचा, फटीफटीतून शिरणारा. मधेच एखादी वीट घसरल्यासारखा आवाज, मग पुन्हा वारा.

माईक गेलाय म्हणून एक शिवी हासडली आणि नवा बसवला. पुन्हा भरलं, पुन्हा ऐकलं. तोच वारा. आता त्यात कुणीतरी कण्हत होतं. मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"ढब्बू... पाणी दे रे, ढब्बू..."

आमचा शिंपी काडीसारखा बारीक. त्याला ढब्बू म्हणणारी जगात एकच बाई.

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण मी घाबरत बसलो तर म्हातारी पाण्यावाचून जाईल, एवढं मला कळत होतं. शटर ओढलं आणि चौकात गेलो. शिंपी तिथेच हवालदाराशी बोलत होता. काही न सांगता मोबाईल त्याच्या कानाला लावला. ऐकता ऐकता तो ओरडला, "आईच आहे ही!"

"भट्टीवर आहे ती. आधी चला, मग विचारा," मी म्हणालो.

हवालदाराने आधी विचारलं. तिचा आवाज माझ्याकडे आला कसा, मला जागा माहीत कशी. मी गर्दीत उभ्या मेव्हण्याकडे बोट केलं. हाच घेऊन आला तिथून, म्हटलं, विचारा त्याला.

मेव्हणा हवालदाराच्या काठीकडे बघत म्हणाला, "मी कशाला भट्टीवर जाऊ? भावोजींनीच कुठूनतरी आणलाय."

झालं. ओळखीची माणसं माझ्यापासून जरा लांब सरकली. हवालदाराने माझं मनगट धरलं ते जीप भट्टीवर पोचेपर्यंत सोडलं नाही.

उन्हं उतरली होती. भट्टीच्या आत काळोख आणि जुन्या राखेचा ओला, कुबट वास. ढासळलेल्या विटांच्या मागे म्हातारी होती, पाय अडकलेला, ओठ पांढरे, पण जिवंत. आत ही पडलेली आणि बाहेरून आमचा शहाणा विटा पळवत होता. पाणी पिऊन तिने स्वतःच सांगितलं, माझी मीच आले, वाट चुकले. हवालदाराने माझं मनगट सोडलं.

शिंप्याने तिला पाठीवर घेतलं, तशी तिने मान वळवली.

"आणि तो? त्याला नाही घ्यायचं?"

"कोण, आई?"

"बोलत होता की माझ्याशी... म्हणतो, इथे एकट्याला नको वाटतं..."

हवालदाराने सगळीकडे टॉर्च फिरवला. विटा आणि राख. मग सगळे भराभर बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. मोबाईल रात्री परत आणून टेबलावर ठेवला होता. पद्धत म्हणजे पद्धत, पुन्हा आवाज भरला. या वेळी वारा नव्हता. माझा पंखा, माझा खोकला, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं स्वच्छ. झाला दुरुस्त, असं मनात म्हणतोय तोच आवाजात गिऱ्हाइकाचं स्टूल फरशीवर ओढलं गेलं. कुणीतरी त्यावर बसलं. आणि बराच वेळ, अगदी जवळून, श्वास घेत राहिलं.

मी मान वर केली. स्टूल होतं तिथेच होतं. रिकामं.

दुकान माझं आहे, मी कुठे जाणार? बस म्हटलं, पण कामात लुडबूड नको. तेव्हापासून गिऱ्हाईक पायरीवरच उभं राहतं. संध्याकाळी मी स्टूल भिंतीला लावून जातो, सकाळी ते माझ्या खुर्चीशेजारी असतं.

राहता राहिला बायकोचा धाकटा भाऊ. पोलिसासमोर मला तोंडघशी पाडलं त्याला आता वर्ष होईल, अजून माफी मागितलेली नाही. पलीकडच्या कडेने मान खाली घालून जातो. यावं, मागावी. फक्त उभ्याने मागावी लागेल, बसायला जागा नाही.