उघडं तापमान

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या ऑफिसात मुख्य प्रोग्रामरला सगळे ‘महापंडित’ म्हणत आणि तो ते कौतुक समजे. दुपारची वेळ, एसीची घरघर, कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा. शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर बाईंनी कोडमधल्या रुग्णाच्या ‘क्लास’मधलं, म्हणजे नोंदीच्या साच्यातलं, तापमान खासगी करून त्यावर ‘प्रॉपर्टी’, म्हणजे आकडे तपासणारी चौकी, बसवली होती. वाचायचं, लिहायचं ते तिच्यामार्फतच. अशक्य आकडा आला की ती दारातूनच हाकलणार.

“घरातल्या घरात पहारेकरी?” महापंडित फिस्कन हसला. “भित्र्यांची कामं ही, बाई.”

त्याने प्रॉपर्टी उडवली, तापमान सताड उघडं टाकलं आणि चाचणीसाठी, नेहमीच्या आळसाने, स्वतःच्या वडिलांचीच माहिती भरली. तापमान सदतीस.

जेवून येतो तर एकतीस.

“कुणी हात लावला?”

“उघड्या दाराला हात कशाला लावायचा, साहेब? सरळ आत शिरायचं.”

त्याने तुच्छतेने मान उडवून पुन्हा सदतीस केलं. लगेच आईचा फोन. “बाबांना मघाशी केवढी हुडहुडी भरली होती रे! दोन पांघरुणं घातली. आता एकदम बरं वाटतंय म्हणतात.”

“म्हातारपण,” तो म्हणाला. फोन ठेवून पाहतो तर अठरा.

सगळा कोड त्याने पालथा घातला. तापमानात लिहिणारी एकही ओळ नव्हती. मान मात्र गार पडली होती. एसी बंद केला, तरी गारच.

मग तो चिडला. प्रॉपर्टी परत बसवली, तीही नुसती वाचण्यापुरती. “आता कुणाच्या बापाला लिहिता येणार नाही!”

“अहो, कुलूप लावण्याआधी आत काय आहे ते तरी बघा.”

“मला शिकवू नका.”

कुलूप लावलं. मग वाचलं.

उणे चार.

त्याने घाईघाईने लिहिण्याची वाट पुन्हा उघडली. सदतीस लिहिलं. वाचलं. उणे चार.

पुन्हा लिहिलं.

उणे चार.

त्याने घरी फोन लावला.

“थांबलं रे त्यांचं कुडकुडणं,” आई हळूच म्हणाली. “कसे शांत बसलेत. प्यायला पाणी दिलं, तर पेला नुसता धरूनच ठेवलाय. पण काय रे, पाण्यावर हा काचेसारखा पापुद्रा कसला आलाय?”