जुन्या सीडरची ऊब

मी बदकं बनवत नाही आणि गोष्टीही बनवत नाही. मी खेकडे पकडतो. पुढे जे लिहिलंय ते घडलं तसं लिहिलंय. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी माझं काही बिघडत नाही.

१४ मार्च २०१९. गुरुवार. दुपारचे चार.

मेरीलँडमधलं, चेसापीक खाडीकाठचं आमचं गाव. कॅप्टन हार्मन टल यांचं घर.

चारच्या ठोक्याला कॅप्टन खुर्चीतच गेले. हातात लाकडी बदक होतं. समोर माझा मेव्हणा वेन्डेल बसला होता.

त्या हिवाळ्यात वेन्डेलनं काय केलं होतं, ते त्याच्याच तोंडून मला नंतर कळलं. आधी तेच सांगतो.

आमच्याकडचे शिकारी लाकडाची बदकं पाण्यात सोडतात. ती बघून वरची खरी बदकं फसतात, खाली उतरतात. जुन्या कारागिरांची असली बदकं जमवणारे शौकीन असतात, कॅप्टन त्यांतलेच. वय पंच्याऐंशी. फळीवर एकोणीस बदकं, सगळी शंभर वर्षांपलीकडची. डोळे गेले, तेव्हापासून ते बदकं हातानं बघायचे. मानेवरून अंगठा फिरवत राहायचे.

खस... खस... खस...

वेन्डेल बदकं कोरतो. बारा वर्षं तो दर गुरुवारी कॅप्टनकडे जायचा. कालवांचं सूप करायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, एकेक बदक त्यांच्या हातात द्यायचा. कारागिरी त्यांनीच शिकवली त्याला. जीवही होता त्यांचा त्याच्यावर, पण जीभ म्हणजे कालव उघडायची सुरी.

"आलास का, लाकूडतोड्या?"

"आलो, कॅप्टन."

"बघू नवीन काय केलंस ते." अंगठा फिरायचा. मग सुस्कारा. "हात आहे रे तुला. जीव घालता येत नाही. हे पाण्यात सोडलं तर खरी बदकं हसून हसून मरतील."

बारा वर्षं हेच. एकदा तरी त्यांनी 'बरं आहे' म्हणावं, एवढीच वेन्डेलची हाव होती. दुसरं काही नको होतं त्याला.

नोव्हेंबरात त्यानं डाव टाकला. फळीवरची लांब शेपटीची मादी गुपचूप घरी नेली. तसंच सीडरचं लाकूड, तसाच रंग, मानेवर तशीच झीज. हुबेहूब नक्कल केली आणि पुढच्या गुरुवारी ती कॅप्टनच्या हातात दिली. ते फसले की हसायचं आणि सांगायचं, कॅप्टन, हे माझं!

अंगठा फिरला. बराच वेळ.

"घे, हात लाव," कॅप्टन म्हणाले. "याला म्हणतात बदक. जन्मभर घासत बसलास तरी तुला जमायचं नाही."



खरी मादी वेन्डेलच्या पिशवीत होती. समोर लोखंडी शेगडी पेटलेली होती. वेन्डेलनं शेगडीचं दार उघडलं आणि मादी आत टाकली.

कॅप्टननी हात शेकले.

"आज ऊब चांगली आहे रे. जुनं सीडर दिसतंय. कुठून आणलंस?"

"पडक्या बोटीचं आहे, कॅप्टन."

"असलं लाकूड जाळू नये."

त्यानंतर दर गुरुवारी एक. खोटं हातात, खरं शेगडीत. म्हातारा खोट्याची तारीफ करायचा, वेन्डेलला टोमणे मारायचा, आणि स्वतःच्याच बदकावर हात शेकायचा. वेन्डेलला त्याची गोडी लागली. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे, तरी सांगतो, हे ऐकून मला त्याची किळस आली.

चौदा मार्चला एकोणिसावं जळलं.

"लाकूडतोड्या, बदक कशासाठी करतात?"

"बोलावण्यासाठी, कॅप्टन."

"हं. चांगलं झालं असेल, तर कोणी ना कोणी उतरतंच."

एवढं बोलून ते गेले.

मृत्युपत्रात एक ओळ होती. 'माझी एकोणीस बदकं वेन्डेलला. त्याच्या हातांना ती कळतात.'

ती ओळ ऐकून वेन्डेल वकिलासमोर मोठमोठ्यानं हसला. आम्हाला वाटलं, दुःखानं डोकं फिरलं असेल.

पुढच्या गुरुवारी बदकं आणायला मी त्याच्याबरोबर गेलो. स्वच्छ ऊन पडलं होतं. घर आठवडाभर बंद होतं.

दार उघडलं... आणि सीडरचा वास आला.

शेगडीला हात लावला... गार.

कॅप्टनची खुर्ची रिकामी. आणि त्या रिकाम्या खुर्चीतून...

खस... खस... खस...

मग थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

वेन्डेलनं फळीवरची मादी उचलली. किंचाळला, खाली टाकली. मी ती उचलली. पोट जळून कोळसा झालेलं.

आणि बदक गरम होतं.

मी शेगडीचं दार उघडलं. आत राख, आणि राखेत बदकाचं अर्धवट जळालेलं डोकं. नव्या रंगाचा वास येत होता. वेन्डेल तिथेच जमिनीवर बसला आणि त्यानं मला सगळं सांगितलं.

उरलेली अठरा त्यानं स्वतःच्या शेडमध्ये नेली. काही उपयोग झाला नाही. दर गुरुवारी चारला त्याचं एक बदक जायचं, त्या जागी एक जळकं यायचं. एकदा त्यानं दुपारपासून एक बदक दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं. मी शेजारीच होतो. त्यानं किंचाळून हात उघडले, तेव्हा हातात जळकं बदक होतं आणि तळव्यांची कातडी त्याला चिकटली होती.

जुलैअखेर एकोणीसच्या एकोणीस परत आली.

वेन्डेल आता कोरत नाही. तळव्यांच्या जखमा भरल्या, पण बोटांना काही कळत नाही. लाकूड कोणतं, दगड कोणता, बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आता माझं ऐका. वेन्डेलनं अठराव्या वर्षी केलेलं पहिलं बदक आमच्या फळीवर आहे. बहिणीला लग्नात दिलेलं. मान वाकडी, रंग ओबडधोबड, पण कोणाची नक्कल नाही.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात होतो. लॉरेटा, म्हणजे माझी बायको, बाहेर गेली होती.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

खस... खस... खस...

मग एक सुस्कारा. आणि कॅप्टनचा घोगरा आवाज, अगदी स्पष्ट.

"हे बरं आहे."

मी बाहेर आलो. बदक जागेवर होतं. जळलं नव्हतं. फक्त मानेवरचा रंग घासून निघाला होता.

लॉरेटानं ती मान भावाला दाखवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझा हात धरला. बोटं गार होती.

"कॅप्टन काही बोलले का रे? हातात घेऊन काही बोलले का?"

त्याच्या आयुष्यात उरलेली ती एकच गोष्ट माझ्याकडे होती. पण माझ्या डोळ्यांपुढे तो आंधळा म्हातारा आला, शेगडीपुढे हात धरून बसलेला.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही बोलले."

ते 'बरं आहे' अजून मी त्याला सांगितलेलं नाही. वेन्डेल दर गुरुवारी येतो, त्या बदकासमोर बसून कान लावतो. तो असला की काही ऐकू येत नाही. तो गेला की मात्र खस खस सुरू होते, आणि परवापासून तो आवाज फळीवरून येत नाही.

माझ्या खुर्चीच्या मागून येतो.