भुरीनं पसंत केलेलं घर

अंबाजोगाईत सकाळी पाहिलेलं घर दुपारी विकलेलं असायचं. मेडिकल कॉलेजातले डॉक्टर, क्लासला आलेल्या पोरांचे आईबाप, बदलून आलेले गुरुजी, सगळ्यांनाच गावात भिंती पाहिजे होत्या. आप्पाराव आणि मनकर्णा या नवराबायकोनं जन्मभर मेंढरांमागं रानं तुडवली, पालात संसार केला. जागा सोड म्हटलं कुणी, तर पुढचं रान होतंच. इथं पुढचं रान नव्हतं. मुलगा जीवन भाड्याच्या खोलीत राहून रिक्षा चालवत होता. सून स्वप्नाचे दिवस भरत आले होते, आणि बाळंतपण आमच्या खोलीत नको, त्याआधी जागा सोडा, असं मालकिणीनं गोड बोलून सांगितलं होतं. आप्पारावानं कळप विकला. एक म्हातारी मेंढी, भुरी, तेवढी ठेवली.

दलाल भागवतनं शेवटी डोंगराच्या अंगाला एक घर दाखवलं. दोन खोल्या, वर स्लॅब, अंगणात कडुनिंब, किंमतही झेपणारी. असं घर अजून राहिलं कसं, मनकर्णेनं विचारलं. भागवत चावी फिरवत म्हणाला, गिऱ्हाइकं येतात, आवडलं म्हणतात, आतल्या खोलीत घटकाभर बसतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

"काही बाधा हाय का?" आप्पारावानं सरळ विचारलं.

"न्हाई मामा. नवं बांधकाम हाय, हितं कुणी मेलं बी न्हाई. मी सोता झोपलोय आत. लई गाढ झोप लागती."

आप्पाराव म्हणाला, मग उद्या आमचा वास्तूवाला आणतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भुरीला जीवनच्या रिक्षात घालून आला. भागवत पोट धरून हसला. पण धनगराची रीत साधी असते. नव्या रानात तळ टाकायच्या आधी जुनी मेंढी सोडायची. उभीच राहिली तर पुढं चालायचं. बसून रवंथ करू लागली तर पाल ठोकायचं.

भुरी अंगणात थांबली नाही. थेट आतल्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा पडला होता, भिंतींना रंगाचा वास होता. कोपऱ्यापाशी तिनं फरशी हुंगली. मग तोंड मिटून घशातल्या घशात हुंकारली.

मेंढी तसा आवाज नुकत्या जन्मलेल्या कोकराशीच काढते. भुरीला कोकरू होऊन कैक पावसाळे लोटले होते.

भुरी जीभ काढून हवा चाटू लागली. खालून वर, सावकाश. मग मागचे पाय जरा फाकवून उभी राहिली. तिची सुकलेली कास हलली. पुन्हा हलली, पिणाऱ्या कोकराची ढुशी बसल्यावर हलते तशी.

मग ती कोपऱ्याला जागा सोडून खाली बसली आणि रवंथ करू लागली.

"बसली," आप्पाराव हळूच म्हणाला. "पर ही बोलावती कुणाला गं?"

मनकर्णेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ती भेत न्हाई, मग आपून कावून भ्यावं? इसार द्या."

घर झालं. उंबऱ्याला हळदकुंकू लावताना स्वप्नाला रडू फुटलं. आता मला कुणी ऊठ म्हणणार नाही, म्हणाली. थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली, आरोही. पाळणा आतल्या खोलीत टांगला. भुरी आत आली, बाळाला हुंगून तसंच हुंकारली. सगळे कौतुकानं हसले. मग तिनं कोपऱ्याकडं तोंड वळवलं आणि पुन्हा हुंकारली.

जुळं झालं की मेंढी दोघांनाही बोलावते. मनकर्णेनं हे कुणाला सांगितलं नाही. जुन्या लुगड्याची तिनं दोन टोपडी शिवली. एक आरोहीला घातलं, एक कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवलं. सुनेनं विचारलं तर म्हणाली, असू दे, धुण्यापालटाला लागतंच.

पोर बाळसं धरू लागली. रडणं कसं ते तिला ठाऊकच नव्हतं. स्वप्ना चुलीपाशी असली तरी आत पाळण्याची कडी कुरकुरत राहायची. जुनी मालकीण येऊन बाळ बघून गेली, घर नशिबानं लाभलं म्हणाली.

थंडी सरता सरता आरोहीचं टोपडं तिला होईना, मागचे टाके उसवले. मनकर्णा खिळ्यावरचं दुसरं काढून, सुईदोरा घेऊन उन्हात बसली. ते कधी कुणी घातलंच नव्हतं.

त्याचेही टाके मागून उसवले होते. आतून ते ऊबदार होतं, नुकतंच डोक्यावरून काढल्यासारखं.

तिनं ते आरोहीच्या टोपड्याशेजारी ठेवलं. मग तिनं जुनं लुगडं मांडीवर पसरलं आणि नवी टोपडी बेतायला घेतली. दोघांच्या मापाची.