दाबलगाम

चंद्रावर जाणारं यान दर पंधरवड्याला सुटायचं, आणि दर पंधरवड्याला श्रावणीकाकू मेश्राम नागपूरच्या तपासणी केंद्रात नापास व्हायच्या. विषय एकच, रक्तदाब.

त्यांची लेक ओवी चंद्रावरच्या वसाहतीत होती, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण आठव्या महिन्यात तिला पृथ्वीवर कोण आणणार? म्हणून माहेरच तिकडे निघालं होतं, आळिवाच्या लाडवांसकट.

"मले तर काहीच होत नाही, डॉक्टर. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही," काकू कुरकुरल्या.

"हाच तर त्याचा लबाडपणा आहे, काकू," डॉ. अन्वी बोरकर म्हणाली. "दाब वाढलेला कळतच नाही. आतल्या आत रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात, हृदय दमतं, मूत्रपिंडं थकतात, डोळ्यांचा पडदा बिघडतो. उड्डाणात तर शरीराचं वजन तिपटीने वाढतं. तेव्हा मेंदूतली एखादी ताठ रक्तवाहिनी फुटली, तर ओवी तिकडे वाटच बघत राहील."

गोळ्या घेऊन, लोणचं-पापड सोडून काकूंनी घरी दाब आटोक्यात आणला होता. पण केंद्रात दंडाला पट्टा बांधला की ओवी डोळ्यांपुढे यायची आणि आकडा चढायचा. लेकीची ओढच त्यांना लेकीकडे जाऊ देत नव्हती.

शेवटी अन्वीने दाबलगामाचा उपाय काढला. मनात कालवाकालव झाली की मेंदू मज्जातंतूंमधून रक्तवाहिन्यांना आवळायचा आणि हृदयाला धडधडायचा हुकूम सोडतो. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र तो हुकूम मानेतच अडवायचं.

"पण एक सांगायला हवं," अन्वी अडखळली. "छातीत धडधडलं की मनालाही कळतं, आपल्याला कुणीतरी हवंय. धडधडच थांबली तर मनाला ते किती कळेल, सांगता येत नाही."

काकूंना हसू आलं. "आई आहो मी. माही माया काय धडधडीवर चालते?"

ओवीच्या केसांना तेल लावायला त्यांचे हात आसुसले होते. त्यांनी मान पुढे केली.

पुढच्या तपासणीत दाब एकशेवीस-ऐंशी निघाला. अन्वीला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे ओवीला पडद्यावर बोलावलं. ओवीचा चेहरा सुजलेला होता.

"आई, पास झालीस! माझाही दाब वाढलाय म्हणतात. लवकर ये गं, मला फार भीती वाटते."

अन्वीने काकूंच्या दंडावरच्या पट्ट्याच्या आकड्याकडे पाहिलं. तो हलला नव्हता.

"मग गोळ्या घे, आराम कर," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिथं डॉक्टर आहेत न? मी येऊन वेगळं काय करणार आहे, बाई?"

त्या खरंच विचारत होत्या.