बहिऱ्याचा सलाम

प्रोजेक्टरला शेवटी आवाज आला, आणि शेजारचा एबेर्तो गेला.

असं काही घडलंच नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

तरी सांगतो, कारण खरं आहे. मी स्वतः तिथे होतो, हातात तार धरून. कोलंबियातलं बारांकिया, आमची गल्ली, मागचा रविवार, दुपारचे तीन. भुतांना रात्र लागते म्हणतात. आमच्याकडे त्यांनी तेवढीही वाट पाहिली नाही.

माझा चुलत भाऊ देइनेर याने प्रोजेक्टर आणला होता. गेमचा डबा त्याच्याकडे आधीपासूनच होता. खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, भिंतीवर फुटबॉलचं मैदान उमटलं, बावीस जण धावायला लागले...

पण आवाज नाही.

"अरे, याच्यात स्पीकरच नाही," मी म्हटलं. "बघून नाही का घेतलास?"

"बघूनच घेतला. ऐकून कोण घेतं?"

घरात एकच स्पीकर होता. माणसापेक्षा उंच.

उबाल्दोकाकाचा, म्हणजे देइनेरच्या बापाचा, पिको. जत्रेतल्या रथासारखं रंगवलेलं ते कपाट. त्यावर कानात खूर घातलेलं गाढव. नाव 'एल सोर्दो', बहिरा. दर शनिवारी काका तो गल्लीत काढायचा आणि ऐन गाण्यात माइकवरून एकेकाला नावाने सलाम ठोकायचा. ज्याला सलाम, त्याने उठून काकाजवळ नाचायला जायचं. नाही म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत जन्मला नव्हता.

काकाला जाऊन वर्ष व्हायला नऊ दिवस कमी होते. चर्चमधली वर्षाची प्रार्थना, मिसा, होईपर्यंत अशा घरात गाणं लावत नाहीत. पिकोवर पांढरी चादर होती.

"आई, गेम म्हणजे काही गाणं नाही," देइनेर म्हणाला.

नुबियाकाकू झुलत्या खुर्चीत होती. "मग काय आहे?"

"शिट्ट्या. फार तर लोकांच्या शिव्या."

"शिव्या तुझ्या बापालाही आवडायच्या. लाव. पण चादर काढायची नाही. खालून घाल काय ती तार."

इथे आमचं चुकलं.

तारेचं एक टोक मी प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या भोकात घातलं. दुसरं घेऊन चादरीखाली हात घातला. चाचपत राहिलो. पिकोचं भोक काही हाताला लागेना.

"देइनेर, तोवर सेटिंगमध्ये जा. आवाज साध्या दोन चॅनेलवर टाक. सिनेमागृहातला आवाज या प्रोजेक्टरला झेपत नाही."

"टाकला."

काही नाही.

फक्त शेजारी एबेर्तोच्या ओट्यावर डॉमिनो चालू होता. सोंगटी टेबलावर आपटायची. टाप्... टाप्...

आणि चादरीच्या आतून मैदान गरजलं! पन्नास हजार माणसं!

"आला!" देइनेर ओरडला. "विल्मार, तू देव आहेस!"

मी देव नव्हतो.

तारेचं टोक अजून माझ्या हातात होतं...

मी ते सांगणार, तेवढ्यात गर्दी गप्प झाली. भिंतीवर माणसं उड्या मारत होती. मुक्याने.

मग कुणीतरी घसा खाकरला. माइकवर. दोनदा.

काका नेहमी दोनदाच खाकरायचा.

"बहिऱ्याकडून सलाम... आमचे शेजारी, डॉमिनोतले नामांकित लबाड, एबेर्तो! या!"

शेजारी सोंगटी आपटली नाही.

आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग बायकांचा.

देइनेरने मेन स्विच ओढला. भिंत काळी झाली. पंखा गरगरत गरगरत थांबला.

"आणि खास सलाम..." चादर म्हणाली, "माझ्या देइनेरला. आज नको. माझ्या वर्षाच्या दिवशी ये, बाळा. सावकाश ये."

काकू उठली. अंधारात चादरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उबाल्दो! जिवंतपणी पोराला शाळेतून आणायला एकदा गेला नाहीस. आता बरा न्यायला आलास?"



मग चादर आत ओढली गेली... आणि हळूच बाहेर फुगली.

परत आत...

"काकू, बाहेर चल," मी म्हटलं.

"तू गप रे. नवराबायकोच्या मध्ये बोलू नकोस." मग चादरीला, अगदी हळू, "पोरगा येणार नाही. सांगून ठेवते."

चादर हलायची थांबली. ते जास्त वाईट होतं.

डॉक्टर म्हणाले, एबेर्तोचं हृदय. त्याच्या मुठीत डबल सहा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी पिको उघडला.

आत काही नव्हतं. स्पीकर नाही, वायर नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. जानेवारीतच काकूने सगळं काढून तिच्या भावाला देऊन टाकलं होतं.

"मग तार लावायला का सांगितलंस?" देइनेरने विचारलं.

"वाजणार नाही हे माहीत होतं, म्हणून," काकू म्हणाली.

आज शनिवार. देइनेर ठणठणीत आहे. सकाळी चीजबरोबर मक्याचे दोन बोयो हाणले, तिसऱ्यासाठी भांडला. फक्त काल जेवताना त्याचा उजवा पाय ठेका धरत होता. घरात गाणं नव्हतं.

"काय वाजतंय रे?" मी विचारलं.

"कुठे काय?" तो म्हणाला. त्याला पत्ताच नव्हता.

आज दोन्ही पाय.

मंगळवारी, काकाच्या वर्षाच्या दिवशी, त्याला खुर्चीला बांधायचं, असं काकूने ठरवलंय. दोरी आणून ठेवली आहे. पाद्रीबाबा म्हणाले, मिसेला यायला हवं. काकू म्हणाली, खुर्चीसकट आणू.

तरी महापालिकेच्या संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती की, येता मंगळवार आमच्या गल्लीपुरता रद्द करण्यात यावा. सोमवारला थेट बुधवार जोडल्यास रहिवाशांची हरकत नाही. निर्णय सोमवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी लेखी कळवावा.