चौथ्या सिटिंगला केलेली तक्रार

"दुखलं की डावा हात वर करायचा. बोलायचं नाही, मान हलवायची नाही... नुसता हात. कळलं?"

इतकी वर्षं झाली, पण मास्कच्या आडून आलेला तो किंचित घोगरा आवाज अजून माझ्या कानात जसाच्या तसा आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. उजवा गाल टम्म फुगला होता, म्हणून दादानं मला घड्याळांच्या दुकानावरच्या त्या दातांच्या दवाखान्यात आणून बसवलं. त्या रविवारी आत्यानं सुचवलेल्या स्थळाची मंडळी येणार होती; गालामुळे ते पुढे ढकललं गेलं. "दाढ बरी झाली की लगेच कळवा," आत्या म्हणाली होती. मुलगा चांगला होता म्हणे. फोनवर एकदाच बोलला. म्हणाला, "तुम्ही कमी बोलता असं ऐकलं. बरं वाटलं." त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. पण मी कुणाला काही म्हटलं नाही.

कारण माझं व्रत होतं. आई आजारातून उठली तेव्हा घेतलेलं — सकाळची पूजा झाल्यापासून संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत तोंडातून तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. दोन वर्षं मोडलं नव्हतं. दादा मला 'संत' म्हणून चिडवायचा.

तर... डॉक्टरांनी सुई दिली. ओठ जड झाला, जणू दुसऱ्याच कुणाचा. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवला आणि मशीन सुरू झालं. आणि मग आत, अगदी खोल, वीज चमकावी तशी कळ आली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मनात जप सुरू केला. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि कानापर्यंत गेला.

"अहो डॉक्टर, थांबा! पोरगी रडतेय," शेजारी नळी धरून उभ्या असलेल्या दवाखान्यातल्या मावशी ओरडल्या.

मशीन थांबलं. पडदा निघाला. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला — माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठे असतील.

"हात का नाही वर केलात?"

"व्रत आहे... तक्रार करायची नाही," मी बधिर ओठांनी कसंबसं म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, दाढेत पू असला की भूल पुरती चढत नाही. तुम्ही सांगितलंत तर मी आणखी देईन. नाही सांगितलंत तर मला काय स्वप्न पडणार आहे?"

"घ्या! आजवर ओरडणारे पेशंट पाहिले," मावशी म्हणाल्या, "ही पहिलीच तपश्चर्या!"

आणखी एक सुई दिली. मग खरंच काही दुखलं नाही. बारीक सुयांनी मुळांतल्या वाटा साफ करताना ते हळूहळू सांगत राहिले — आतली नस सडली होती, ती काढायची, वाटा धुवायच्या, औषध ठेवायचं, वर तात्पुरतं सिमेंट. खोलीभर लवंगेच्या तेलाचा वास होता.

"भूल उतरेपर्यंत खायचं नाही, नाहीतर स्वतःचाच गाल चावाल. दोन-तीन दिवस ठणकेल, गोळी घ्या. आणि ठणका थांबला की लोक यायचं बंद करतात... तुम्ही तसं करू नका."

ठणका तिसऱ्या दिवशी थांबला. मी मात्र पुढची तारीख बोटांवर मोजत होते.

दुसऱ्या सिटिंगला ते म्हणाले, "तोंड उघडं असतानाच प्रश्न विचारायची आम्हाला वाईट खोड आहे. तुम्ही एकदा डोळे मिटा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जमेल?"

एकदा.

"खुर्चीवर बसूनही जप करता?"

एकदा.

"मग त्यात थोडं माझंही नाव घ्या — हात थरथरू नये म्हणून."

मी डोळे दोनदा मिटले... अगदी सावकाश. मावशींना हसू आवरेना.

तिसऱ्या सिटिंगला मुळं भरली. एक्स-रे उजेडाकडे धरून त्यांनी दाखवलं — मुळांत टोकापर्यंत उतरलेल्या पांढऱ्या रेघा. "छान झालंय. आता दाढ ठिसूळ राहील, म्हणून कॅप; माप आजच घेतो. एकच सिटिंग उरलं," ते म्हणाले. शेवटचं वाक्य जरा हळू.

घरी गेले तर आत्याचा फोन येऊन गेला होता. रविवार पक्का झाला होता.

चौथ्या सिटिंगच्या सकाळी मी देवापुढे बराच वेळ बसले. आणि मनात आलं — दोन वर्षं मी गप्प राहिले. पण देवाला हे हवं होतं का, असं कधी विचारलंच नाही. हे व्रत होतं... की भीती?

कॅप बसली. दातांत निळा कागद ठेवून ते म्हणाले, "चावून बघा. उंच लागतंय?"

"नाही, ठीक आहे," मी सवयीनं म्हटलं.

"केसाएवढं उंच असलं तरी उद्या जबडा दुखेल. नीट सांगा."

मी पुन्हा चावलं.

"लागतंय," मी म्हटलं. "उंच लागतंय."

ते हसले. दोन वेळा घासली, तेव्हा कॅप नीट बसली. "शाब्बास. आणखी काही तक्रार?"

"आहे," मी म्हटलं... आणि माझाच आवाज मला नवा वाटला. "रविवारी मला बघायला माणसं येणार आहेत. मला ती नको आहेत."

मावशी हळूच बाहेर निघून गेल्या. डॉक्टरांनी हातमोजे काढले, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"ट्रीटमेंट संपली," ते म्हणाले. "आजपासून तुम्ही माझ्या पेशंट नाही. म्हणून आता विचारतो... कुणी दुसरं हवं आहे का?"

मी डोळे मिटले. एकदाच.

मग ते म्हणाले, "मी आजच येऊ घरी? तुमच्या बाबांशी बोलतो."

"नको. आधी मी बोलणार. आजच, दिवा लावायच्या आत. वचन."

"आणि ते रागावले तर?"

"तर रागावू देत. तुम्ही उद्या या."

घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. आत्या येऊन बसली होती, रविवारी मी कुठली साडी नेसायची ते ठरवत होती. तिनं मला हाक मारली. "आले," मी म्हटलं. आतल्या खोलीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आला.

मी हातपाय धुतले, चेहरा पुसला, आणि आत्याकडे न जाता बाबांच्या खोलीकडे चालू लागले.